टोपली उघडायच्या आधी

अंधेरी,
सोमवार, ११ फेब्रुवारी १९५७

चि. विद्याधर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. सौ. वसुधालाही सांग, ती ऐकून घेणार असेल तर.

आंबोलीच्या घराची मागची पायरी तुला आठवते का? रोज सकाळी वर्सोव्याची म्हातारी कोळीण तिथे टोपली टेकायची, आणि तिने वरचं ओलं फडकं काढायच्या आधी आपण दोघं ओळखायचो, आज आत काय आहे. मी म्हणायचे मांदेली. फडकं निघालं की बोंबील असायचे. मग मी लगेच म्हणायचे, "मला माहीतच होतं, मी मनात बोंबीलच म्हटलं होतं." तू तेव्हा सहा वर्षांचा असशील, मी अकरा. चार-पाच दिवस तू ऐकून घेतलंस. मग एका सकाळी चुलीतला विझलेला कोळसा घेऊन आलास, माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, "ताई, आधी भिंतीवर लिही. मग टोपली उघडू दे." कोळीण हसता हसता खोकायला लागली. "ह्यो पोरगा वकील होनार," म्हणाली.

वकील झाला नाहीस. मुलुंडच्या शाळेत पोरांना सायन्स शिकवतोस. पण तो कोळसा काही तू हातातून खाली ठेवला नाहीस.

चार वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेव्हा आधी खुशाली. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. अंगणातल्या आंब्याला मोहोर बरा आलाय. सुगंधाबाई शेजारी आहेतच, आणि त्यांचा आवाजही आहे. जयवंतला कंपनीने दीड वर्षासाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलंय, तिथली यंत्रं शिकायला. बोटीने जातो म्हणून त्याने पुष्कळ धडपड केली. पण सुवेझ बंद आहे, बोटी अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जातात, आणि कंपनीला तो महिनाअखेरीला तिथे हवा आहे. तेव्हा विमान. येत्या शुक्रवारी सकाळी साडेनऊला, सांताक्रूझच्या एरोड्रोमवरून.

हे वाचून तू काय म्हणशील ते मला इथे बसून ऐकू येतंय. "मग, ताईसाहेबांनी परवानगी दिली का?"

दिली. त्याबद्दलच लिहायला बसले आहे. थांब, दारात कोणीतरी आलंय.

*

गेले. एक मद्रासी गृहस्थ आणि त्यांची बायको, गुरुवारी मद्रासला निघालेत. तुला हे कोणी सांगितलं असेल-नसेल, म्हणून सांगते. चार वर्षांपूर्वीच्या त्या विमानाच्या अपघातानंतर माझ्याकडे लोक येतात, आठवड्याला दोन-तीन तरी. एरोड्रोमवर काम करणाऱ्यांची घरं आजूबाजूला, त्यामुळे नाव पसरायला वेळ लागला नाही. येताना नारळ आणतात. एका पारशी म्हाताऱ्याने केक आणला होता. चिठ्ठीवर विमानाची तारीख लिहून देतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी चिठ्ठी वाचते, घडी करते आणि म्हणते, "जा."

चार वर्षांत मी एकालाही नको म्हटलेलं नाही. सगळे सुखरूप पोचले. त्यामुळे माझं नाव आणखीनच झालं.

हसू नकोस. म्हणजे हस, पण वसुधासमोर नको.

त्या दिवसाबद्दल मला लिहायलाच हवं. जयवंत ज्यातून जाणार होता ते कलकत्त्याचं विमान पडून तीन आठवडे झाले होते. माझी बैठकीची खोली भरलेली, सुगंधाबाई पानसुपारीचं तबक घेऊन जणू घरच्या कार्यात वावरत होत्या, आणि तू शाळा सुटल्यावर वसुधाला घेऊन वही काखेत मारून आलास. उभ्या उभ्या वाचून दाखवलंस. या गल्लीत विमानाने जाणारी-येणारी माणसं असलेली घरं अकरा. गेल्या तीन महिन्यांत त्या घरांतल्या बायकांना कोणी निघायच्या आधी पडलेली वाईट स्वप्नं सतरा. त्यातली पडलेली विमानं शून्य.

"मास्तर, माझं स्वप्न त्यात धरू नका," सुगंधाबाई म्हणाल्या, "मी त्या दिवशी वांग्याचं भरीत खाल्लं होतं."

सगळे हसले, तूही हसलास. मग तू माझ्याकडे वळलास. "ताई, तुझं स्वप्न खोटं असं मी म्हणत नाही. आई आहेस, मुलगा निघालाय, पडेलच स्वप्न. ते अठरावं, एवढंच. सतरा विसरायची आणि अठरावं देव्हाऱ्यात ठेवायचं, हे मला पटत नाही."

"आणि जयवंत वाचला ते?" कोणीतरी विचारलं.

"वाचला याचा मला तुमच्यापेक्षा जास्त आनंद आहे, भाचा आहे माझा. पण ताई, तू पाणी म्हणाली होतीस ना? विमान पाण्यात बुडताना दिसलं. मग ते शेतात कसं पडलं?"

"शेताला पाणी नसतं का?" सुगंधाबाई म्हणाल्या.

तू त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. "ताई, नेमकं काय दिसलं होतं? कधी? पहाटे की आधी? उठल्यावर पहिल्यांदा कोणाला सांगितलंस?" वर्गात एखाद्या मुलाला फळ्याशी उभा करून विचारावं, तसं शांतपणे विचारत होतास.

आणि मी ते वाक्य बोलले. ज्याच्या घरात पाळणा हलला नाही, त्याने आईला काय दिसतं ते सांगू नये.

वसुधा स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिने ट्रे टेबलावर नीट ठेवला. एक थेंब सांडला नाही. मग पदर सावरून तुला म्हणाली, "चला, उशीर होतोय." एवढंच.

चार वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले की विदूने चारचौघांत माझी उलटतपासणी घेतली, म्हणून माझा तोल गेला. ते खरं नाही. मला राग आला नव्हता, विदू. मी घाबरले होते. तू अगदी दाराशी येऊन पोचला होतास, आणि मी हाताला लागेल ते फेकलं. वसुधाच्या पोटातलं दुखणं हाताला लागलं.

त्यानंतर आठ दिवसांनी तुझं पाकीट आलं. आत बारा कोरी पोस्टकार्डं, प्रत्येकावर तुझा मुलुंडचा पत्ता तुझ्याच अक्षरात, आणि एक चिठ्ठी. "पुढचं स्वप्न पडलं की घडायच्या आधी टाक. पोस्टाचा शिक्का कोणाची बाजू घेत नाही." मी ते पाकीट रागारागाने कपाटात साड्यांखाली, डांबराच्या गोळ्यांत ठेवून दिलं. राग खोटा होता, तुला आता कळेलच.

*

संध्याकाळ

मधे एक विमान इतकं खालून गेलं की फडताळातल्या कपबशा वाजल्या. जयवंत बाजारात गरम मोजे बघायला गेलाय. तो यायच्या आत हे लिहून टाकते.

गेल्या नोव्हेंबरात मी घाटकोपरला गेले होते, विमलाबाईंकडे. तुला नाव माहीत नसेल. जयवंतने तिकीट परत केलं तेव्हा ती जागा वेटिंग लिस्टवरच्या पहिल्या माणसाला मिळाली. चंद्रप्रकाश म्हणून गृहस्थ, औषधांच्या कंपनीत होते, वय चौतीस. विमलाबाई त्यांची बायको. जयवंत एकदा भेटून आला होता, दुसऱ्यांदा जायचं धैर्य त्याला झालं नाही. त्याच्या वहीतून पत्ता घेतला आणि मी गेले. विमलाबाई तिथे एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर शिवणकाम करतात. ब्लाउज शिवायचाय म्हणून सांगितलं.

"अंधेरीहून? एवढ्या लांबून आलात?"

"तुमचा हात चांगला आहे असं कोणीतरी सांगितलं."

"हात वर करा." त्यांनी टेप माझ्या पाठीमागून घेतला. दोन आकडे लिहिले. मग विचारलं, "अंधेरीला एक बाई आहेत म्हणे. त्यांच्या मुलाचं त्याच विमानाचं तिकीट होतं. त्यांना आदल्या रात्री सगळं दिसलं. ओळखता का तुम्ही?"

"ऐकून आहे," मी म्हटलं. माझे हात वरच होते.

"मला काहीच दिसलं नाही हो. ह्यांना तिकीट मिळत नव्हतं, आयत्या वेळी कोणीतरी जागा सोडली म्हणून काय खूश झाले होते. त्या रात्री मी गाढ झोपले. सकाळी मीच त्यांना हलवून उठवलं, उशीर होईल म्हणून. आईला दिसतं, मग बायकोला का दिसू नये? माझंच काहीतरी कमी पडलं असणार. सासूबाईही तेच म्हणतात." मग टेप गुंडाळत म्हणाल्या, "हात खाली घ्या, झालं."

मी हात खाली घेतले. ब्लाउज पुढच्या आठवड्यात जाऊन आणला. अजून घातलेला नाही.

आमच्या शाळेत दर शुक्रवारी ख्रिस्ती मुली कन्फेशनसाठी चॅपलबाहेर रांग लावायच्या, आणि आम्ही चार-पाच हिंदू मुली वर्गात बसून शिवणकामाचे टाके घालायचो. त्या परत यायच्या तेव्हा त्यांचे चेहरे नुकत्याच धुतलेल्या पाटीसारखे दिसायचे. मी एकदा मदर अ‍ॅग्नेसना विचारलं होतं, मलाही जाता येईल का. त्या म्हणाल्या, "तुला घरी कोणी नाही का, ज्याला सगळं सांगता येतं?" मी म्हटलं, "धाकटा भाऊ आहे, पण तो फार प्रश्न विचारतो."

विदू, मला स्वप्न पडलंच नव्हतं.

हे वाक्य लिहून मी थोडा वेळ उठून मागच्या अंगणात गेले होते. आता पुन्हा बसले आहे. तेव्हा हे वारून दोन वर्षंही झाली नव्हती. जयवंतला कलकत्त्याची नोकरी लागली, चांगली होती, तुलाच किती आनंद झाला होता. मी हसत हसत त्याचे लाडू बांधत होते. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तांदूळ निवडत बसले होते, तो समोर बुटांना पॉलिश करत होता, गुणगुणत होता. मला वाटलं, उद्या या वेळेला इथे कोणी नसेल. आणि तोंडातून निघालं, "काल रात्री फार वाईट स्वप्न पडलं रे. विमान पाण्यात बुडताना दिसलं." मी त्या रात्री छान झोपले होते. पाणी का म्हटलं तेही मला माहीत नाही. सूप हातात होतं, तांदूळ धुवायचे होते, म्हणून असेल.

त्याने आधी थट्टा केली. मी जेवले नाही. एवढंच करावं लागलं. संध्याकाळी तो जाऊन तिकीट परत करून आला.

बातमी आली तेव्हा त्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहानपणी रडायचा तसा रडला. "आई, तुला दिसलं होतं." त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. मग सुगंधाबाई आल्या, मग गल्ली आली, मग नारळ यायला लागले.

त्या मुलाचं काय झालं ते तू पाहिलं नाहीस. कलकत्त्याची जागा गेली ती गेलीच. तेव्हापासून तो मला विचारल्याशिवाय गाव सोडत नाही. नाशिकला मित्राचं लग्न होतं, मला ताप होता, मी नीट उत्तर दिलं नाही, तर गेला नाही. जुहूला पोहायला जायचा, ते सोडलं. एकोणतीस वर्षांचा माणूस सकाळी चहाचा कप हातात घेऊन आईला विचारतो, "काही पडलं का गं?" जर्मनीचं पत्र आलं तेव्हाही आधी माझ्यासमोर धरलं, उघडून वाचलंसुद्धा नव्हतं.

मी तेव्हाच "जा" म्हटलं. सगळ्यांना म्हणते तसंच. त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता फिटलं. दीड वर्षाने परत येईल तेव्हा एकटा निर्णय घ्यायला शिकलेला असेल, आणि मग कधीतरी निवांत सांगू.

*

मंगळवार, सकाळी

काल इथेच थांबले, कारण पुढचं लिहायला हात होत नव्हता. रात्रभर तुझ्याशी मनात भांडत होते.

शनिवारी रात्री मला स्वप्न पडलं. खरंच पडलं. आयुष्यात पहिल्यांदा असं, की उठल्यावर पायात चपला घालायचं सुचलं नाही. काय दिसलं ते इथे लिहीत नाही. तुझ्या बारा कार्डांतलं एक काढलं, त्यावर सगळं लिहिलं, आणि काल सकाळी पोस्ट उघडताच स्वतः जाऊन टाकलं. पोस्टमनने वाचू नये म्हणून इंग्रजीत लिहिलंय, मदरनी शिकवलेल्या गोल अक्षरात. हे पत्र हातात पडेल तेव्हा ते तुझ्याकडे आलेलं असेल. वाचलंही असशील.

रविवारी सकाळी जयवंतने कप हातात घेऊन विचारलं, "आई, खरं सांग, काही पडलं?"

मी म्हटलं, "काही नाही रे. गाढ झोपले होते." बोलल्यावर लक्षात आलं, हे विमलाबाईंचं वाक्य आहे.

"मग डोळे का असे?"

"तू निघालास म्हणून. आईचे डोळे असतात तसेच आहेत."

तो समाधानाने चहा प्यायला. पहिल्या वेळी काही दिसलं नव्हतं तेव्हा मी बोलले. आता दिसलंय तर गप्प आहे. माझं मलाच कळत नाही, यातलं कुठलं पाप मोठं. दर तासाला वाटतं जाऊन त्याला सांगावं. त्याने नवा कोट घालून आरशात बघितलं की माझी जीभ उचलते. मग मी तुझी वही आठवते. सतरा स्वप्नं, शून्य विमानं. हे अठरावं, विदू, कारण त्या वेळचं तर मोजायचंच नव्हतं. तुझा आकडा बरोबर होता, फक्त तुला माहीत नव्हतं. आणि तरी सांगते, अंगावर काटा येतो तेव्हा आकडे ऐकू येत नाहीत. तुझ्या गणितात काही चूक नाही. पण माझी रात्र जशी गेली तशीच गेली.

म्हणून शुक्रवारी तू ये. मागणं एवढंच आहे. साडेसातला एरोड्रोमवर ये, हव्या तर पहिल्या दोन तासांची रजा टाक. जयवंतला मामा आलेला बघून काय वाटेल ते मी लिहीत नाही. तू त्याच्याशी बोल, जर्मनीतल्या कारखान्यांचं बोल, काहीही बोल, पण माझ्या शेजारी उभा राहा. आणि मी तोंड उघडते आहे असं दिसलं की माझा हात घट्ट दाब. मला स्वतःचा भरवसा नाही. तो एकदा माझ्याकडे वळून बघेल, जाळीच्या पलीकडून. त्या वेळेपुरतं मला सांभाळ.

सोमवारपर्यंत पोचल्याची तार येईल. आली नाही, तर तू वही घेऊन माझ्याकडे ये आणि पहिल्यापासून समजाव की हा योगायोग आहे. मी मान्य करणार नाही. तू समजावत राहा.

आता कोणाला काय ते लिहिते, गडबडीत राहून जायला नको.

कार्ड तुझं. ते कोणालाही दाखवू नकोस, तार येवो न येवो. वहीत तारीख घालून नोंद कर.

जयवंतला मी सगळं लिहिलं आहे, तांदूळ निवडण्यापासून सगळं. ते पाकीट आजच एअरमेलने त्याच्या तिकडच्या पत्त्यावर टाकते. कदाचित त्याच विमानातून जाईल. तोंडाने सांगायला हवं होतं, पण आत्ता सांगितलं तर त्याला वाटेल मी त्याला धीर देण्यासाठी गोष्ट रचते आहे, आणि माझा चेहरा बघून तो शनिवारच्या रात्रीपर्यंत पोचेल. हा भित्रेपणा आहे. तो माझ्याच नावावर राहू दे.

आईच्या पाटल्या या पत्राबरोबर पाठवता येत नाहीत, शुक्रवारी पदराला बांधून आणते. त्या वसुधाच्या. आईने जाताना म्हटलं होतं, सुनेला द्या, आणि मी मुलीचा हक्क म्हणून ठेवून घेतल्या. त्या वाक्याची भरपाई म्हणून देत नाही, त्याची भरपाई होत नाही. तिने घेतल्या नाहीत तर परत माझ्याकडे देऊ नकोस, तुमच्याच कपाटात राहू देत. ती आली तर मी काही बोलणार नाही. तिने मला चहा विचारला तर मात्र पिईन.

विमलाबाईंना द्यायचं ते मी उद्या, बुधवारी, स्वतः घाटकोपरला नेऊन देणार आहे. तो ब्लाउज घालून जाईन. त्यांना सांगेन की कोणालाच काही दिसलं नव्हतं, आईलाही नाही. त्या मला दारातून हाकलतील. हाकलू देत. पण शुक्रवारच्या आधी जायला हवं. तार आल्यावर गेले तर निकाल बघून गेल्यासारखं होईल, आणि तुझ्या हाताखाली शिकून मला एवढं तरी कळायला हवं.

सुगंधाबाईंना नारळ. घरात नऊ पडले आहेत. आजपासून दारात येणाऱ्याला त्यांनीच सांगायचं, बाईंना काही दिसत नाही.

उरलेली अकरा कार्डं मी ठेवून घेते. पत्ता तुझ्याच हातचा आहे, खोडवत नाही. आज बाजारात काय आलं, मोहोर टिकला का, गुडघा कसा आहे, असलं काहीतरी लिहून टाकत जाईन. तेवढी संपेपर्यंत तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

यावेळी मनात दुसरं काही न ठेवता, फडकं निघायच्या आधी लिहून देणारी,
तुझी
ताई